आवाज मोजायला किती पैसे लागतात?

गेल्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. सकाळच्या दवाखान्याची वेळ संपत आली होती. शेवटचे पेशंट म्हणून नाना आत आले. नाना हे त्यांचे खरे नाव नव्हे. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, काटेकोर स्वभावाचे गृहस्थ. वीस वर्षांपासून ते माझ्याकडे येतात. रक्तदाबाची एक गोळी रोज नेमाने घेतात आणि त्यांचा दाब १३०-८० च्या आसपास राहतो. त्या दिवशी तो १६०-९६ निघाला.

"डॉक्टर, रात्री झोप लागत नाही. भिंतीपलीकडे मिरचीचा डंक चालतो. धाड धाड धाड. आवाज थांबला तरी छातीत चालूच राहतो."

मी काय केले? जे बहुतेक डॉक्टर करतील तेच. "नाना, वयामानाने झोप कमी होतेच. मनावर घेऊ नका," असे सांगितले, दाबाची गोळी वाढवली आणि थोड्या दिवसांसाठी झोपेची एक हलकी गोळी लिहून दिली. तीन आठवड्यांनी नाना पुन्हा आले. दाब तसाच होता. या वेळी हातात पोलीस ठाण्याच्या नावे लिहिलेला दोन पानी अर्ज होता. "यावर डॉक्टर म्हणून तुमची सही पाहिजे," ते म्हणाले. अर्जात 'आमच्या घरात ७८ डेसिबल आवाज येतो' असे लिहिले होते. पुतण्याने मोबाईलवर मोजला होता.

त्या रात्री मी नानांच्या घरी गेलो. माझ्या मोबाईलवरही एक ॲप उतरवून घेतले होते. पुतण्याचा मोबाईल आणि माझा मोबाईल पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. त्याच्यावर ७८ आणि माझ्यावर ६१. आवाज तोच, जागा तीच, वेळही तीच. एकाच पेशंटचा ताप एका थर्मामीटरवर १०० आणि दुसऱ्यावर १०४ दिसला, तर औषध देण्याआधी थर्मामीटर बदलावा लागतो. तेव्हा मनात प्रश्न आला, की साध्या माणसाला परवडेल असे आवाजाचे थर्मामीटर मिळते का? आजचा लेख त्या शोधाविषयी आहे.

डेसिबलचे गणित

आवाज डेसिबल या एककात मोजतात. पण हे एकक किलो किंवा मीटरसारखे सरळ नाही. एक पिठाची गिरणी ८० डेसिबल आवाज करते आणि तिच्याशेजारी तशीच दुसरी सुरू केली, तर आवाज १६० होत नाही, ८३ होतो. म्हणजे यंत्रावर ३ आकडे वाढले, की आवाजाची शक्ती दुप्पट झाली असे समजावे. कानाला मात्र दुप्पट आवाज वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. ही तफावतच घातक आहे. कानावरचा भार दुपटीने वाढतो आणि आपल्याला वाटते, की थोडासाच तर वाढला.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणाऱ्या आवाजापासून दुप्पट अंतरावर गेलो, की तो साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून 'माझ्याकडे ९० आले' एवढेच सांगून भागत नाही. किती अंतरावरून मोजले तेही सांगावे लागते.

आता कानाचे पाहू. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात हजारो अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डुलतात आणि मेंदूला संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, मग मरतात. त्वचेला जखम झाली तर नवी त्वचा येते. माणसाच्या कानातल्या या पेशी पुन्हा येत नाहीत. त्यांना जिवंत करणारे औषध आज माझ्याकडेच काय, कोणाकडेच नाही.

किती आवाज चालतो?

येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला, कान कशाने बिघडतो? दुसरा, झोप आणि स्वास्थ्य कशाने बिघडते?

कानाचा हिशेब असा. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने घातली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. मिरवणुकीत ज्याला आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणतात त्या भिंतीसमोर दोन तास नाचणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

झोपेचा हिशेब याहून फार खालचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल ही पातळी सुचवली होती. मधूनच येणारा मोठा आवाजही ४५ च्या वर नसावा, असे त्यात म्हटले आहे. आवाजाने माणूस जागा झाला नाही तरी त्याचे शरीर जागे होते. नाडीचे ठोके वाढतात, रक्तात ताणाची संप्रेरके येतात, रक्तदाब चढतो. सकाळी उठल्यावर 'झोप झाली, पण अंग जड आहे' असे सांगणारे पेशंट आम्ही रोज पाहतो. ते काय खातात हे आम्ही विचारतो, पण ते कोठे झोपतात हे विचारत नाही. नानांच्या बाबतीत मीही विचारले नव्हते.

मोबाईल पुरतो का?

फुकट मिळणारी वस्तू आधी पाहावी, म्हणून मोबाईलपासून सुरुवात करू. मोबाईलचा माइक माणसाचे बोलणे पकडण्यासाठी बनवलेला असतो. तो खोल, घुमणारा आवाज बऱ्याचदा गाळून टाकतो. फार मोठा आवाज त्याला पेलत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा. 'नायॉश'च्या संशोधकांनी २०१४ साली शंभराहून अधिक ॲप तपासली, तेव्हा कसोटीला उतरलेली फारच थोडी निघाली. पुढे २०१७ मध्ये याच संस्थेने आयफोनसाठी स्वतःचे ॲप काढून मोफत दिले. ते प्रयोगशाळेत साधारण २ डेसिबलच्या फरकात बरोबर येते. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी ते जरूर वापरून पाहावे. आयफोनची मॉडेले मोजकी असल्यामुळे ॲप त्यांना जुळवून घेता येते. इतर मोबाईलचे शेकडो प्रकार, त्यामुळे तेथे तीच खात्री देता येत नाही.

मग साधा मोबाईल अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. एकाच मोबाईलने, एकाच जागी, आज आणि उद्या मोजले तर आवाज वाढला की कमी झाला एवढे कळते. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी वजन उतरते आहे की नाही हे त्यावर समजतेच. मात्र त्यावरचा आकडा अर्जात घालू नये. पुतण्याचे ७८ अर्जात गेले असते आणि पोलिसांच्या यंत्रावर ५० आले असते, तर नाना आयुष्यभर खोटे ठरले असते.

यंत्र घेताना काय पाहावे?

माझे एक स्नेही तंत्रनिकेतनात शिकवतात. त्यांनी प्रयोगशाळेतले यंत्र दोन दिवसांसाठी दिले आणि चार गोष्टी समजावून सांगितल्या. नंतर मी स्वतःसाठी एक विकत घेतले. त्या अनुभवातून सांगतो.

आवाजमापक यंत्रांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचे, म्हणजे 'क्लास १' चे यंत्र फार अचूक असते, पण त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. ते प्रयोगशाळांचे आणि सरकारी तपासणीचे काम. 'क्लास २' हा सर्वसाधारण कामाचा वर्ग. बाजारात साधारण दीड ते तीन हजार रुपयांना मिळणारी हातात धरायची यंत्रे या वर्गाच्या जवळपासची असतात आणि त्यांच्यावर 'अचूकता दीड डेसिबल' असे छापलेले असते. काटेकोर कसोटीत त्यांतली सगळी उतरतीलच असे नाही. पण घरच्या कामाला २-३ डेसिबलचा फरक आड येत नाही. आपल्याला ४० आहे की ५५ आहे, ८० आहे की ९५ आहे, एवढेच ठरवायचे असते.

मी कंपनीचे नाव सांगणार नाही. खोक्यावर पुढील गोष्टी वाचाव्यात.

एक, 'ए' आणि 'सी' असे दोन्ही पर्याय हवेत. 'ए' म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे मोजणे. आपला कान खोल आवाजाला मंद असतो, म्हणून 'ए' वर यंत्र तो भाग वजा करते. 'सी' वर तो जवळजवळ पूर्ण धरला जातो. डंक, जनरेटर, डॉल्बीचा ठोका यांच्यासाठी 'सी' लागतेच. अगदी स्वस्त यंत्रांत फक्त 'ए' असते. तीन-चारशे रुपये वाचवण्यासाठी तेथे फसू नये.

दोन, ते खाली किती मोजते ते पाहावे. काही यंत्रे ४० च्या खाली उतरतच नाहीत. झोपण्याच्या खोलीसाठी ३० पासून मोजणारे हवे. तसे असले तरी ३५ च्या खालच्या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण तेथे यंत्राची स्वतःची खरखर मिसळू लागते.

तीन, 'फास्ट' आणि 'स्लो' असे बटण हवे. 'फास्ट' वर यंत्र सेकंदाच्या आठव्या भागाचा अंदाज घेते, 'स्लो' वर एका सेकंदाचा. सततच्या घरघरीला 'स्लो' लावावे. आकडा स्थिर राहतो आणि वाचता येतो. ठोक्यांना 'फास्ट' लावावे.

चार, 'मॅक्स' म्हणजे सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारे बटण असावे.

पाच, माइकवर बसणारा काळ्या स्पंजचा गोळा सोबत आला आहे का ते पाहावे. तो शोभेचा नसतो. उघड्या माइकवर वाऱ्याची झुळूक आली तरी आकडा उगाच चढतो.

सहा, पक्की पावती घ्यावी. वस्तू बदलून देण्याची अट विचारून ठेवावी.

घरबसल्या मागवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या भागात विचारपूस करून, हाताळून घेता येते. शक्य असेल तर दुकानात एकाच प्रकारची दोन यंत्रे शेजारी लावून पाहावीत. दोन्हींत ३ डेसिबलहून जास्त फरक दिसला तर ते घेऊच नये.

यंत्र बरोबर आहे हे तपासण्यासाठी कॅलिब्रेटर नावाचे एक उपकरण असते. ते माइकवर बसवले, की नेमका ९४ डेसिबलचा सूर देते. पण आपल्या स्वस्त यंत्रापेक्षा तेच महाग पडते. मी साधा मार्ग काढला. स्नेह्यांच्या प्रयोगशाळेतील यंत्राशेजारी माझे ठेवून तीन वेगवेगळ्या आवाजांत आकडे पाहिले. माझे यंत्र दर वेळी साधारण १ डेसिबल जास्त दाखवते. तसे चिकटपट्टीवर लिहून पाठीमागे लावून टाकले. तुमच्या गावातही एखादे तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सुरक्षा अधिकारी असलेला कारखाना असेलच. विचारायला काही हरकत नाही.

आणि हो, प्रत्येक घराने यंत्र घेण्याची गरज नाही. एका गल्लीत, एका सोसायटीत, एका गणेश मंडळात एक पुरते. आवाज करणाऱ्या मंडळानेच ते घेतले तर फारच उत्तम.

मोजण्याची रीत

यंत्र चांगले असूनही मोजणे चुकू शकते. दाब मोजताना पेशंट जिना चढून आला असेल तर आकडा फसवा येतो, तसेच हे.

पंखा, टीव्ही, फ्रिजची घरघर जेवढी बंद करता येईल तेवढी करावी. यंत्र छातीशी धरू नये. हात लांब करून धरावे किंवा स्टुलावर उशी घालून तिच्यावर ठेवावे. उंची साधारण सव्वा ते दीड मीटर असावी. भिंतीपासून निदान एक मीटर दूर राहावे, कारण भिंतीवर आपटून आवाज वाढलेला दिसतो. कानावरचा परिणाम पाहायचा असेल तर मात्र काम करणाऱ्याच्या कानाजवळ, वीतभर अंतरावर धरावे.

एकदाच पाहून 'इतके आले' म्हणू नये. पाच मिनिटे, दर दहा सेकंदांनी दिसलेला आकडा वहीत लिहावा. तीस आकडे होतात. त्यांत सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि बहुतेक वेळा येणारा, असे तीन वेगळे लिहावेत. तारीख, वेळ, खिडकी उघडी की बंद, 'ए' की 'सी', हेही लिहावे.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे, ज्याची तक्रार आहे तो आवाज बंद असतानाही एकदा मोजावे. चालू आणि बंद यांत १० डेसिबलचा फरक असेल तर आकडा खरोखर त्याचाच आहे. फरक ३ हून कमी असेल तर आपण रस्त्याचा आवाज मोजून शेजाऱ्याच्या नावावर घालतो आहोत.

भिंतीपलीकडचा डंक

त्या रात्री साडेदहाला नानांच्या खोलीत आम्ही मोजणी केली. डंक बंद असताना 'ए' वर ३६ आले. चालू झाल्यावर ४८. म्हणजे पुतण्याचे ७८ चूक आणि माझे ६१ ही चूक. एवढे पाहून मी नानांना म्हणालोही, की आकडा काही मोठा नाही. मग स्नेही म्हणाले, "आता 'सी' लावा." लावले. आकडा ६९ वर गेला. दोन्हींत तब्बल २१ चा फरक. म्हणजे आवाजाचा मोठा भाग खोल, दणक्याचा होता. तो हवेतून येत नव्हता, समाईक भिंतीतून आणि जमिनीतून येत होता. म्हणून खिडक्या लावून काही उपयोग नव्हता. नाना 'छातीत चालू राहतो' म्हणत होते, ते अक्षरशः खरे होते. मी गोळी वाढवत होतो आणि पेशंट निदान सांगत होता.

दुसऱ्या दिवशी अर्जावर सही करण्याआधी मी पलीकडे गेलो. डंक चालवणाऱ्या ताई चाळिशीच्या. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी डंक घेतला होता. फाल्गुन ते वैशाख हाच त्यांचा हंगाम. या तीन महिन्यांत गावभरच्या चटण्या कांडून वर्षाची बेगमी करायची. अर्ज पोलिसांकडे गेला असता तर हंगाम बुडाला असता.

मी म्हणालो, "ताई, या आवाजाचा तुम्हाला त्रास होत नाही का?"

त्या हसल्या. "आवाजाचं काय डॉक्टरसाहेब, मला तर काहीच वाटत नाही. आता डंक चालू असला तरच बरं वाटतं. लेकच तेवढी कटकट करते, आई टीव्ही किती मोठा लावतीस म्हणून."

हे ऐकून मी यंत्र त्यांच्या कानाजवळ धरले. ९५ आले. मघाचा हिशेब आठवा. एका तासालाही पुरी न पडणारी ही पातळी आणि त्या हंगामात रोज नऊ-दहा तास तेथे उभ्या. कानात कापसाचे बोळे होते. कापसाने मिरचीची पूड अडते, आवाज फारसा अडत नाही.

त्यांना मी जिल्ह्याच्या ठिकाणी ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे श्रवणशक्तीच्या तपासणीसाठी पाठवले. आलेखावर दोन्ही कानांची रेघ ४००० हर्ट्झपाशी खाली घसरलेली होती. मोठ्या आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण. या माणसाला भांड्यांचा, गाडीचा आवाज येतो. पण स, श, फ अशी बारीक अक्षरे निसटतात आणि लहान मुलांचे बोलणे नीट समजत नाही. 'मला काही वाटत नाही' हे त्यांचे वाक्य आम्हाला सहनशीलतेचे वाटले होते. खरे तर ते लक्षण होते. गेले तेवढे परत येणार नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. उरले आहे ते राखता येईल, हेही सांगितले.

पुढे काय झाले? डंक भिंतीपासून दोन हात पुढे घेतला. गवंड्याकडून त्याखाली वेगळा चौथरा करून घेतला आणि मध्ये जाड रबराच्या पट्ट्या टाकल्या. चौथऱ्याच्या खर्चात नानांनी आपणहून वाटा उचलला. रात्री नऊनंतर डंक बंद, हे ठरले. ताईंनी कानांवर बसणारे इअरमफ घेतले. काही शेकड्यांत ते मिळतात. पुन्हा मोजणी केली तेव्हा नानांच्या खोलीत 'ए' वर ४०, 'सी' वर ५७ आले. महिन्याभराने दाब १३८-८४ वर उतरला. झोपेची गोळी बंद झाली. सगळे श्रेय आवाजाला देण्याचा मोह मी आवरतो, कारण दाबाची वाढवलेली गोळीही चालूच होती. पण नानांनी अर्ज फाडून टाकला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

कायदा आणि आपले यंत्र

सगळीकडे असे गोडीने मिटत नाही, म्हणून कायदाही माहीत असावा. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार घराबाहेरच्या आवाजाची सरासरी मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा अधिक असेल, किंवा रात्रीचे बंधन मोडले जात असेल, तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक आहे.

आपल्या घरच्या यंत्राचा आकडा न्यायालयात पुरावा म्हणून चालेल, असे समजू नये. त्यासाठी प्रमाणित यंत्राने अधिकाऱ्याने केलेले मोजमाप लागते. पण तारीखवार लिहिलेली वही असली, की अधिकाऱ्याला केव्हा यायचे आणि कोठे मोजायचे हे कळते. 'फार आवाज येतो हो' यापेक्षा 'दर शनिवारी रात्री ११ वाजता माझ्या खिडकीत ६५ ते ७० येतो' हे वाक्य वजनदार ठरते. आपल्या राज्यात या प्रश्नाला वाचा फोडली तीही सामान्य नागरिकांनीच. मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी ऐंशीच्या दशकात आवाजाविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे 'आवाज फाउंडेशन'च्या सुमायरा अब्दुलअली गणपती-दिवाळीच्या रात्री हातात यंत्र घेऊन रस्त्यारस्त्यावर आकडे टिपत राहिल्या आणि ते लोकांपुढे ठेवत राहिल्या. आकडा समोर असला, की वाद आवाजाचा राहतो, माणसांचा होत नाही.

डॉक्टर म्हणून शेवटचे चार शब्द

यंत्र आवाज मोजते, कान मोजत नाही. कानात सतत गुणगुण किंवा शिट्टी वाजत असेल, मिरवणुकीहून आल्यावर कान भरल्यासारखे वाटत असतील, घरातले लोक टीव्ही मोठा लावल्याची तक्रार करत असतील, तर यंत्र विकत घेण्याआधी कान तपासून घ्यावा. गिरणी, डंक, सुतारकाम, लोहारकाम, यंत्रमाग, जनरेटर यांच्याजवळ काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा श्रवणाची तपासणी करावी, त्रास नसला तरीही. तान्ह्या मुलाला डॉल्बीसमोर नेऊ नये. दाबाची गोळी मात्र शेजारचा आवाज बंद झाला म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नये.

माझे यंत्र आता दवाखान्यातच, थर्मामीटरच्या खणात असते. कंपाउंडरकडे एक वही ठेवली आहे. तीत नाव लिहून कोणालाही ते दोन दिवसांसाठी नेता येते. आजवर अकराजण घेऊन गेले. त्यांतल्या चौघांना आपल्याच घरातला आवाज सापडला. एकाची जुनी पाण्याची मोटर, एकाचा कूलर आणि दोघांच्या मुलांचे टीव्हीचे स्पीकर. यंत्र परत करताना सगळे शेजाऱ्यांविषयी जरा कमी बोलले.

यंत्र न्यायला जरूर या. बॅटरी मात्र आपली आणावी.